थंडीत अंडी हवीत? जात मे महिना बघून निवडा

निफाड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "घरामागे २२ गावठी कोंबड्या आहेत. पावसाळ्याआधी रोज ९-१० अंडी मिळायची. दिवाळीनंतर कमी होत होत आता डिसेंबरात तीनवर आली. खुराडं विटांचं आहे, थंडी लागू नये म्हणून चारी बाजूंनी बंद केलंय. नेटवर थंडीत अंडी देणाऱ्या जातींची यादी पाहिली, त्यात वायनडॉट, ऑर्पिंग्टन अशी नावं आहेत. आपल्याकडे कोणती जात घ्यावी?"

ताई, मी दिंडोरीकडची. सोळा वर्षं कोंबड्या पाळतेय. आधी दहा-बारा होत्या, आता दीडशेच्या आसपास असतात. तुमच्यासारखाच हिशेब मीही पहिल्या तीन हिवाळ्यांत केला होता: थंडी पडली, अंडी घटली, म्हणजे थंडी सोसणारी जात आणली की काम झालं. जात सांगतेच, पण आधी अंडी कुठे गेली ते बघू. नाहीतर नवी कोंबडीही पुढच्या डिसेंबरात तुम्हाला तीनच अंडी देईल.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि वर पिसांची गोधडी. निफाडचा पारा पाच-सहावर आला की आपण शेकोटीपाशी बसतो, द्राक्षवाले रात्री बागेत धूर करतात. पण कोरड्या जागेत, वाऱ्याच्या झोताबाहेर, दांडीवर एकमेकींना चिकटून बसलेल्या कोंबड्यांना ती थंडी सहज झेपते. दाणा जास्त खातात, एवढंच. अंडी थांबतात ती मुख्यतः उजेडामुळे. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात जेमतेम अकराचा. कोंबडीला हा फरक नुसता डोळ्यांनी नाही, कवटीतून आत झिरपणाऱ्या उजेडानंही कळतो. तिथून मेंदूतल्या ग्रंथीला आणि ग्रंथीकडून अंडाशयाला निरोप जातो. दिवस मोठा होत असेल तर "पिल्लं काढायचा हंगाम आला", लहान होत असेल तर "आता थांब". रानकोंबडीचा हा स्वभाव गावठी कोंबडीत अजून बराच शिल्लक आहे. अंड्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या संकरित कोंबडीत तो पुष्कळ बोथट झालाय. जातीचा फरक पडतो तो खरा इथे.

आता तुमच्या खुराड्याकडे या. हिवाळ्यात खुराडं किती वाजता उघडता? आमच्या वस्तीवर सगळे ऊन पडल्यावर उघडायचे, म्हणजे आठ-सव्वाआठला. गारठ्यात कोण लवकर उठतं! संध्याकाळी कोंबड्या साडेपाचला आत. विटांचं बंद खुराडं म्हणजे आत अंधार. सूर्य अकरा तास उजेड देतोय आणि तुमच्या कोंबडीच्या वाट्याला येतोय साडेनऊ तास. मला हे कळायला चार वर्षं लागली, आणि कळलं तेही एका जुन्या गड्यामुळे. तो सहाला यायचा आणि आल्या आल्या खुराडं उघडून द्यायचा. तो कामाला होता त्या हिवाळ्यात माझी अंडी शेजारणीपेक्षा जास्त, आणि मी श्रेय देत होते माझ्या दाण्याला. मग छताचा पूर्वेकडचा एक पत्रा काढून तिथे पारदर्शक पत्रा बसवला. खर्च एकदाच, आणि दार उशिरा उघडलं तरी पहाटेचा उजेड आत येतो. इतर काही करण्याआधी हे करा.

चारी बाजूंनी बंद करण्याबद्दल थोडं रागावूनच सांगते, कारण ते मीही करून बसलेय. एका जानेवारीत द्राक्षबागेचं उरलेलं प्लॅस्टिक शेडला सगळीकडून गुंडाळलं. आठ दिवसांत पहाटे दार उघडलं की डोळ्यांत पाणी यायचं, इतका अमोनिया. प्लॅस्टिकच्या आतून थेंब ओघळत होते, खालचं तूस ओलं. कोंबड्यांच्या नाकातून पाणी, घशात घरघर. तीन मेल्या आणि बाकीच्यांनी महिनाभर अंडं दाखवलं नाही. थंडीनं नाही, मी कोंडल्यामुळे त्या आजारी पडल्या. रात्रभर श्वासातून आणि विष्ठेतून जी वाफ निघते ती बाहेर गेली पाहिजे. कोंबडी दांडीवर बसते त्या उंचीला वारा लागू नये, पण छपराखाली, तिच्या डोक्याच्या बऱ्याच वर, दोन समोरासमोरच्या बाजूंना वीतभर मोकळी जागा हवीच. उत्तरेच्या बाजूला खालून गोणपाट लावा, वरचं मोकळं ठेवा. साधी परीक्षा सांगते: पहाटे गुडघ्यावर बसून, डोकं दांडीच्या उंचीला आणून श्वास घ्या. नाक चुरचुरलं तर कोंबडीचंही चुरचुरतंय.

तिसरी गोष्ट वयाची. २२ कोंबड्या म्हणताय, पण त्यांतल्या अंड्यावर किती आहेत? पहिलं वर्ष उलटलेली कोंबडी दिवस लहान होऊ लागले की पिसं टाकते. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. अंगातली प्रथिनं पिसांकडे वळली की अंड्याला उरत नाहीत. दोन-तीन महिने असेच जातात. यात एक गंमत आहे. जी कोंबडी सगळ्यांत उशिरा पिसं टाकते, पण एकदम टाकते, अगदी विद्रूप बोडकी दिसते, ती तुमची चांगली अंडी देणारी. जी ऑगस्टपासून एकेक पीस गाळत छान नटलेली फिरते, ती आळशी. नवखी माणसं बोडकीला विकतात आणि नटवीला ठेवतात. मीही विकली आहे.

हे अंदाजानं ठरवू नका, हात लावून ठरवा. रात्री आठ-नऊला कोंबड्या दांडीवर गुंगीत असतात. बॅटरीवर लाल कापड गुंडाळा आणि एकेक उचला. काखेत धरायची, तोंड तुमच्या पाठीकडे. शेपटीखाली, जिथून अंडं येतं त्याच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये तुमची तीन बोटं आडवी मावली आणि हाडं लवचीक लागली, तर ती अंड्यावर आहे. एकच बोट मावलं आणि हाडं ताठ, तर बंद. तुरा लाल, भरलेला, हाताला कोमट लागला तर अंड्यावर. फिका आणि सुरकुतलेला असेल तर बंद. पिवळ्या पायांच्या कोंबडीचा आणखी एक पुरावा असतो: खूप अंडी दिली की पायांचा पिवळा रंग उतरतो, आणि थांबली की पुन्हा चढतो. पिसं टाकणाऱ्या कोंबडीवर मात्र या परीक्षेवरून लगेच निकाल देऊ नका. तिच्या पायात दोरा बांधा आणि फेब्रुवारीत पुन्हा तपासा.

आता जातीकडे.

तुम्ही पाहिलेली यादी खोटी नाही, ती दुसऱ्या हवेची आहे. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेला हिवाळा उणे वीसचा असतो. तिथे मोठा, उभा तुरा ओलाव्यात गोठतो आणि काळा पडून झडतो. म्हणून तिथली माणसं बसक्या तुऱ्याची वायनडॉट शोधतात. क्वेबेकमधल्या ओका इथल्या मठात एका धर्मबंधूंनी शँटेक्लेर नावाची जात तयार केली ती याच कारणानं. तिला तुरा आणि चोचीखाली लोंबणारे लोलक जवळजवळ नाहीतच. ऑर्पिंग्टनला इतकी दाट आणि फुगीर पिसं असतात की ती आहे त्याच्या दीडपट दिसते. टोरांटोमध्ये कुणी मराठी माणूस परसात कोंबड्या ठेवत असेल तर त्यानं हीच यादी डोळे झाकून घ्यावी. तिथे डिसेंबरात दिवसही जेमतेम नऊ तासांचा असतो.

पण निफाडला मे महिना असतो, ताई. पारा चाळिशीच्या आसपास. कोंबडीला घाम येत नाही. ती उष्णता टाकते चोच उघडून धापा टाकत आणि तुऱ्या-लोलकातून. म्हणजे कॅनडावाल्यांना जो मोठा तुरा नकोसा वाटतो, तोच मे महिन्यात आपल्या कोंबडीचा पंखा असतो. गोधडी पांघरलेली ऑर्पिंग्टन डिसेंबरात तुमच्याकडे मजेत राहील आणि मेच्या एखाद्या दुपारी पाण्याच्या भांड्याशेजारी आडवी झालेली सापडेल. आपल्या थंडीनं कोंबडी मेल्याचं मी क्वचित पाहिलंय, उन्हाळ्यात मेलेल्या कितीतरी पाहिल्यात. म्हणून माझा नियम: जात निवडताना मे महिना डोळ्यांपुढे ठेवायचा. डिसेंबरची अंडी जातीपेक्षा पिल्लं कोणत्या महिन्यात आणली यावर ठरतात. त्याकडे येतेच.

तुमच्यासारखीला, म्हणजे परसात मोकळ्या फिरणाऱ्या, घरचा दाणा आणि थोडं विकतचं खाद्य खाणाऱ्या २०-३० कोंबड्यांसाठी, माझी पहिली पसंती ग्रामप्रिया. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसातल्या अंड्यासाठीच काढलेली कोंबडी आहे. वजन बेताचं, पाय मोकळे, कुत्रं आलं तर पळता येतं, आणि खुडूक बसण्याची, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसण्याची, हौस जवळजवळ नाही. कागदावर वर्षाला दोनशेच्या वर अंडी लिहिलेली असतात. परसात दीडशेच्या आसपास धरा, म्हणजे निराशा होणार नाही. तिथलीच वनराजा आणि बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा या दोन्ही अंगानं भारी आहेत. कोंबडे विकायचे असतील तर छान, पण निव्वळ अंड्यासाठी त्या दाणा जास्त खातात आणि उन्हात लवकर धापा टाकतात.

ऱ्होड आयलंड रेड, आपल्या भाषेत आरआयआर, ही माझी स्वतःची आवडती. मूळ अमेरिकेच्या थंड भागातली, पण आपल्याकडे इतकी वर्षं पाळली गेलीय की ऊनही बऱ्यापैकी सोसते. शुद्ध आरआयआरपेक्षा तिचा गावठीशी झालेला संकर परसात जास्त टिकतो असा माझा अनुभव. ब्लॅक ऑस्ट्रालॉर्पबद्दल लोक विचारतात. जात अंड्याला जबरदस्त आहे: ऑस्ट्रेलियात १९२२-२३ मध्ये सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली होती, तीही दिव्याच्या उजेडाशिवाय. पण आज बाजारात मिळणारं पिल्लू त्या सहा जणींचं नात्यागोत्याचं असेलच असं नाही, आणि काळ्या पिसांना उन्हाळ्यात गर्द सावली लागतेच. तुमच्याकडे आंबा किंवा चिंच असेल तर ठेवा चार.

बीव्ही ३८० ही तपकिरी अंड्याची कोंबडी हिवाळ्यातही थांबत नाही, हे खरं. पण ती पोतंभर लेअर मॅशच्या, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीच्या विकतच्या खाद्याच्या, हिशेबावर चालते. तिला उकिरड्यावर सोडून "फिरून खाईल" म्हणाल तर दोन महिन्यांत हाडं विरघळवून अंडी देईल आणि मग बसेल. रोजचं मापात खाद्य विकत घ्यायची तयारी असेल तरच आणा. कडकनाथ आणि असील अंड्यासाठी नाहीतच. त्यांचं गिऱ्हाईक वेगळं.

आणि गावठी काढून टाकू नका. वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देईल, बारा-पंधरा झाली की खुडूक बसेल, पण तीच खुडूक तुमचं फुकटचं उबवणी यंत्र आहे. माझ्याकडे अजून पंधरा गावठी आहेत. इतर कोंबड्यांची अंडीही त्यांच्याच खाली ठेवते. एक सावधगिरी मात्र बाळगा: ग्रामप्रियासारख्या संकराची अंडी उबवली तर पुढची पिढी आईसारखी निघत नाही. अंड्यासाठी पिल्लं दर वेळी नवी आणावी लागतात.

पिल्लं आणायची कुठून? चौकात दुचाकीवर जाळी बांधून येणाऱ्याकडून नको. तो त्याच लाल पिल्लांना सकाळी एक नाव सांगतो आणि दुपारी दुसरं. मी एका वर्षी "ग्रामप्रिया" म्हणून पन्नास घेतली, त्यातली निम्मी कोंबडे निघाली आणि बाकीच्या काय होत्या ते देवाला ठाऊक. पशुसंवर्धन खात्याच्या उबवणी केंद्रांत किंवा केंद्र सरकारच्या आरे कॉलनीतल्या कुक्कुट केंद्रात चौकशी करा. नोंदणी आधी करावी लागते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलंत तर जवळचं ठिकाण सांगतील.

आता महिना. पाऊस पडला की सगळ्यांना पिल्लं आठवतात. जूनच्या शेवटी, जुलैत आणतात. मीही आणायचे. ही पिल्लं वाढतात तेव्हा दिवस रोज लहान होत असतो. पाच-सव्वापाच महिन्यांची होऊन अंड्यावर यायची वेळ होते नेमकी डिसेंबरात, आणि शरीर म्हणतं, थांब. माझ्या जुलैच्या पिल्लांनी एकदा पहिलं अंडं दिलं जानेवारी संपताना. साडेसहा महिने नुसता दाणा! तीच पिल्लं एप्रिलच्या मध्याला आणली तर वाढीच्या पहिल्या दोन महिन्यांत दिवस मोठा होत असतो, दसऱ्याच्या आसपास तलंगा, म्हणजे पहिल्यांदाच अंडी देणाऱ्या तरुण कोंबड्या, अंड्यावर येतात, आणि एकदा लागलेली तरुण तलंग पहिल्या हिवाळ्यात सहसा पिसं टाकत नाही. म्हातारीला जे कारण थांबवतं ते हिला थांबवत नाही. यापेक्षा फार आधी, जानेवारी-फेब्रुवारीतही आणू नका. ती पावसाळ्यातच अंडी देऊ लागतात आणि ऐन थंडीत काही जणी मानेची पिसं टाकून थांबतात.

एप्रिलमध्ये पिल्लं वाढवायची भीती वाटते, मला कळतं. उलट ते स्वस्त पडतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांची ऊब लागते, आणि ती एप्रिलची दुपार फुकट देते. बल्ब फक्त रात्री. दुपारी बल्ब बंद, वर ओलं गोणपाट, भांड्यात गार पाणी. पिल्लं बल्बखाली गर्दी करत असतील तर थंडी आहे, भिंतीला चिकटून पंख पसरून चोच उघडत असतील तर ऊन जास्त झालंय. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात चुकवू नका. पुढच्या लसी, देवीचीही, दवाखान्यातून तारखा लिहून घ्या. इतकी मेहनत करून मानमोडीनं सगळी एका आठवड्यात गेली की माणूस पुन्हा कोंबडी पाळत नाही.

दिवा लावावा का? हे तुमच्या विजेवर अवलंबून. तलंगांना साडेतेरा-चौदा तास उजेड मिळाला तर फरक नक्की दिसतो. दहा-बाय-दहाच्या खुराड्याला नऊ वॅटचा एक एलईडी पुरतो, खाली वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड. उजेड पहाटे वाढवा, संध्याकाळी नाही. संध्याकाळी दिवा फटकन बंद झाला तर अर्ध्या कोंबड्या खाली अंधारात चाचपडत राहतात. दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं असं सावकाश वाढवत पहाटे साडेचारपर्यंत न्या. पण भारनियमनामुळे एक दिवस दिवा लागतोय आणि दोन दिवस नाही, असं होणार असेल तर नकोच. उजेडाच्या अशा धरसोडीनं चालू असलेल्या कोंबड्याही पिसं टाकतात. वीस आठवड्यांच्या आत तलंगांना जादा उजेड देऊ नका. अंग भरायच्या आत अंडी सुरू झाली की अंडं बारीक येतं आणि कधी अंड्याच्या वाटेचं आतलं अंग बाहेर येतं. तुमच्या जुन्या गावठी कोंबड्यांना मात्र मी दिवा लावणार नाही. त्यांना विसावा घेऊ द्या.

दाण्याचं पटकन सांगते. संध्याकाळी कोंबड्या आत जायच्या तासभर आधी मूठ-मूठ बाजरी किंवा भरडलेला मका. रात्रभर पचत राहतो, त्याची ऊब मिळते. आपणही संक्रांतीला बाजरीच खातो. पण नुसत्या धान्यावर अंडी येत नाहीत. पिसं टाकणाऱ्या आणि अंड्यावरच्या, दोघींनाही प्रथिन हवं: सोयाबीन पेंड किंवा थोडी सुकट. शेंगदाणा पेंड बुरशीची शंका आली तर फेकून द्या, कोंबडीचं यकृत त्यात जातं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात. आणि पाणी! अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. पहाटेचं बर्फासारखं पाणी कोंबडी चोच बुडवून सोडून देते. सकाळी कोमट पाणी ठेवा, किती पटकन भांडं रिकामं होतं बघा.

तेव्हा या हिवाळ्यापुरतं असं करा: छपराखालची बंद केलेली जागा मोकळी करा, दार उजाडताच उघडा, पाणी कोमट. जात बदलायची घाई नको. आत्ता डिसेंबरात मोठ्या तलंगा विकत आणल्यात तरी जागा बदलल्याच्या धक्क्यानं महिनाभर थांबतात. फेब्रुवारीत दिवस जाणवण्याइतका वाढला की तुमच्याच गावठी पुन्हा अंड्यावर लागतील.

एप्रिलला किती पिल्लं आणायची ते तुमच्या खुराड्यातल्या जागेवर ठरेल, आणि जागा ठरेल बंद कोंबड्या किती निघतात त्यावर. तेव्हा आज-उद्या रात्री बॅटरी घेऊन जा, बावीसच्या बावीस हातात घ्या, आणि तीन बोटं मावणाऱ्या किती, एक बोट मावणाऱ्या किती, पिसं टाकणाऱ्या किती, ते लिहून कळवा. रोज तीनच अंडी सापडतायत आणि तीन बोटंवाल्या आठ निघाल्या, तर प्रश्न वेगळाच आहे. मग कडब्याच्या गंजीमागे आणि गोठ्याच्या माळ्यावर शोधा. कुठेतरी वीस-पंचवीस अंड्यांचा ढीग तुमची वाट बघत असेल.